वाघ बघायला आलेला नाकेदार

वनरक्षकाच्या भरतीत सगळ्यात शेवटी चालायला लावतात. पुरुषांना २५ किलोमीटर, महिलांना १६, वेळ दोघांनाही चार तास. मी दहा मिनिटं राखून पोचलो, बूट काढले, पायांवरचे फोड मोजले आणि आईला फोन करून सांगितलं, की अवघड होतं ते संपलं. त्या फोनचं आता हसू येतं.

त्याआधी साडेचार वर्षं मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होतो. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या त्याला गोड शब्दांत कळवायच्या. पगार चांगला होता. जाच होता तो माणसांचा. मीटिंग, कॉल, मीटिंगच्या तयारीची मीटिंग. शनिवारी सह्याद्रीत भटकायचो आणि रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यायचा. उशाशी मारुती चितमपल्लींची पुस्तकं. जंगलात माणसं नसतात, या एका समजुतीवर मी राजीनामा दिला. चितमपल्ली वनाधिकारी होते, कोइमतूरला शिकून आलेले. मी होणार होतो वनरक्षक. हा फरकही तेव्हा डोक्यात शिरला नव्हता.

वनरक्षकाकडे एक बीट असतं. काही बीटांचं मिळून परिमंडळ, तिथे वनपाल. परिमंडळांचं परिक्षेत्र, तिथे वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे आरएफओ. म्हणजे आपण वर बघितलं की साहेबच साहेब, आणि खाली बघितलं की जंगल. वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१००. फ्लॅटचा हप्ता जाऊन माझ्या पहिल्या पगारात दुचाकीचं पेट्रोल आणि किराणा एवढंच बसलं. तेव्हा या नोकरीत येऊ पाहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं अगदी रुक्ष आहे: कर्ज फेडा, मग अर्ज भरा. दुसरं वयाचं. माझ्या वेळी खुल्या प्रवर्गाला २७ ची मर्यादा होती. भरती दरवर्षी निघेल असं धरून बसलेले माझे दोन मित्र त्या रेषेपलीकडे गेले. परीक्षा बारावीच्या पात्रतेवर असते. इंजिनियरिंगच्या पदवीला तिथे कोणी विचारत नाही. पण मैदानात गावाकडची पोरं अनवाणी पळतात, तेव्हा पुण्यातली जिम फार उपयोगी पडत नाही. लग्नाचंही सांगून टाकतो. सरकारी नोकरी म्हणून स्थळं आली आणि नेमणूक कुठे हे कळल्यावर आली तशी गेली.

नेमणूक होती मेळघाटात. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी हा एक. इथले कोरकू लोक वाघाला कुला म्हणतात आणि बीट सांभाळणाऱ्या गार्डाला नाकेदार. कुला मला पहिल्या अकरा महिन्यांत एकदा दिसला, तोही मागून. माणसं मात्र पहिल्याच सकाळी दिसली. सरपणाला निघालेल्या बायका, गुरं घेऊन पोरं, वाट दुरुस्तीचे मजूर, आणि माझ्या कुटीच्या पायरीवर बसलेले वनमजूर काका. त्यांनी ह्याच बीटात पाच नाकेदार आलेले आणि गेलेले पाहिले होते. मी सहावा.

पहिला हिवाळा जाळरेषांत गेला. ठरलेल्या पट्ट्यातलं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि माणसं उभी करून आपणच ते जाळून टाकायचं, म्हणजे उन्हाळ्यात वणवा तिथवर आला तर त्याला खायला काही उरत नाही. १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होतो तो १५ जूनपर्यंत. त्याआधी हे सगळं संपायला हवं. मी फार मन लावून केलं. मोबाइलवर प्रत्येक रेषेचा नकाशा, रंग देऊन. काका तो बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

मार्चमध्ये एका सकाळी मोहाखाली धूर दिसला. साठीच्या पुढची एक बाई काठी घेऊन बसली होती आणि झाडाभोवतीचा पाचोळा गोल धुमसत होता. मोहाची फुलं पहाटे गळतात. पानांत ती सापडत नाहीत, म्हणून फुलं सुरू होण्याआधी जमीन जाळून साफ करतात. मेळघाटातच काय, सगळ्या मोहाच्या मुलखात वणव्याचं हे एक नेहमीचं कारण. हे मी प्रशिक्षणात लिहून घेतलं होतं. लिहून घेतलेलं एकदम आठवलं की माणूस फार धोकादायक होतो. मी ओरडलो. १९२७ चा भारतीय वन अधिनियम काढला, गुन्ह्याचा अहवाल, म्हणजे पीओआर, फाडतो म्हणालो, फोटो काढले, तिची टोपली उचलली. आग विझवायला काकाच पुढे झाले, ओल्या फांदीने, दोन मिनिटांत. बाई उठली, लुगडं झटकलं आणि कोरकू-हिंदीच्या मिसळीत जे म्हणाली त्याचा अर्थ असा: तू बारा महिने पगार घेतोस, मी पंधरा दिवस मोह घेते.

टोपली मी दुपारी काकांच्या हाती परत पाठवली. पीओआर केला नाही. माझ्या हिशोबाने विषय संपला होता.

एप्रिलमध्ये भारतीय वन सर्वेक्षणाचा संदेश मोबाइलवर आला: माझ्या बीटात आग. उपग्रहाला ती दिसून आपल्यापर्यंत निरोप येईस्तोवर वेळ जातो, आणि नकाशावरचा ठिपका म्हणजे प्रत्यक्षात एक अख्खा उतार असतो. पोचलो तेव्हा आग चढाला लागली होती. चढावर आग पळते, उतारावर चालते, हे तिथे डोळ्यांनी पाहिलं. बांबू फुटत होता, बंदुकीचा बार निघावा तसा. आम्ही चौघं, एक ब्लोअर. पाचोळा उडवून पट्टा मोकळा करायचा आणि दोन्ही टोकांनी आग दाबत आणायची, तर त्याला वीस माणसं लागतात. आदल्या वर्षापर्यंत ती गावातून यायची. निरोप गेला होता. कोणी आलं नाही.

रात्री दोनच्या सुमाराला खडकाळ नाल्याशी आग आपोआप थांबली. काकांनी बाटलीतलं उरलेलं पाणी माझ्या हातावर ओतलं आणि पहिल्यांदाच स्वतःहून बोलले. ‘नाकेदार साहेब, ती म्हातारी ज्याची आई लागते, त्याच्या शब्दावर गाव आग विझवायला उठतं.’ एवढंच. मला आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. तुम्ही विचारलं कुठे, म्हणाले.

पुढे मे महिन्यात नाल्यात वास सुटला. वाघाने तीन दिवसांपूर्वी मारलेली गाय. वास्तविक ४८ तासांत खबर दिली, गाय जागची हलवली नाही, की पंचनामा होतो आणि मालकाला भरपाई मिळते. मालकाने माझ्याकडे येण्यापेक्षा गाय गेली असं समजणं पसंत केलं होतं. मला भीती दुसरीच वाटली. असा रागावलेला माणूस मढ्यावर विष टाकतो, आणि वाघ उरलेलं खायला परत येतोच. या माणसाने तसं काही केलं नाही, हा त्याचा मोठेपणा. माझ्या गस्तीला त्यातलं काहीच कळलं नव्हतं, आणि गस्त नोंदवणाऱ्या अॅपवर माझे किलोमीटर तर भरपूर होते.

म्हणून आता भरतीबद्दल विचारायला फोन करणाऱ्यांना मी चालण्याची तयारी सांगतच नाही. ती होते. मलेरियाचीही सवय होते. जेवढा वेळ धावण्याला देता त्यातला निम्मा लिहिण्याला द्या. दातांच्या खुणा मानेवर आहेत की मागच्या भागावर, ओढत नेल्याची रेघ किती लांब, पंच कोण, वेळ कुठली; यातलं एक राहिलं तर कागद परत येतो आणि हेलपाटे गरीब माणसाला पडतात. नेमणूक मिळेल तिथली भाषा पहिल्या महिन्यात शिकायला लागा, मोडकीतोडकी का होईना. दुसऱ्याच्या चुका काढण्याची सवय ऑफिसात ठेवून या. मला ती सोडायला एक उन्हाळा लागला. आणि माणसांना कंटाळून येत असाल, तर येऊच नका. जंगलाची ओढ भागवायला दुसरे रस्ते आहेत. बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढता येते, गाइड होता येतं, एखाद्या संस्थेबरोबर सुट्टीत काम करता येतं. गणवेश घातला की मात्र बीटातल्या प्रत्येक चुलीशी तुमचा संबंध येतो.

एक परीक्षा सुचवतो. मे महिन्यात आठ दिवस जंगलाकाठच्या एखाद्या गावात राहा. कॅमेरा आणू नका. ज्याची गुरं वाघाने नेली आहेत त्याच्या ओट्यावर बसा आणि तो वाघाबद्दल काय बोलतो ते मध्ये न बोलता ऐका. नवव्या दिवशीही यावंसं वाटलं तर अर्ज भरा.

ह्या वर्षी फेब्रुवारीत मी झाडू घेऊन त्या मोहाखाली गेलो. पाचोळा झाडून बाजूला ओढला की जाळायची गरज उरत नाही. नुसतं सांगून ते पटत नाही, एकदा आपण वाकावं लागतं. काका हसत होते. म्हातारी आली, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिली. मग माझ्या हातातला झाडू काढून घेतला आणि उलट्या बाजूने सुरुवात केली. वारा दरीकडून येतो, म्हणाली. तू झाडलेलं सगळं संध्याकाळी परत इथेच येईल.