लिलावात घेतलेल्या तारण मालमत्तेचा ताबा

वाशीम जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात कर्जासाठी जमीन, घर किंवा ट्रॅक्टर तारण ठेवण्याचा प्रघात आहे. कर्ज थकले म्हणजे जप्ती येते, लिलाव पुकारला जातो आणि कोणीतरी आयुष्याची पुंजी घालून बोली बोलतो. रक्कम भरूनही मालमत्ता हाती येत नाही, तेव्हा त्याची स्थिती मूळ ऋणकोइतकीच बिकट होते.

अशा वेळी लिलाव कोणत्या कायद्याखाली झाला, हे प्रथम पाहावे. बँकांना न्यायालयाबाहेर तारण विकण्याची मुभा देणारा २००२ चा कायदा शेतजमिनीस लागू नाही. शेतजमिनीवरील सहकारी कर्जाची वसुली बहुधा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० व १९६१ च्या नियमांतील नियम १०७ अन्वये होते. तेथे स्थावर मालमत्तेच्या खरेदीदारास १५ टक्के रक्कम विक्रीच्या वेळी व उरलेली १५ दिवसांत भरावी लागते. ऋणकोस विक्री रद्द करून घेण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. म्हणून विक्री कायम होईपर्यंत ताब्याची घाई करण्यात अर्थ नाही. त्यानंतर मात्र विक्री प्रमाणपत्र हा खरेदीदाराचा खरा आधार होय. ऋणकोने अडथळा केल्यास हे प्रमाणपत्र सादर करून सक्षम न्यायालयामार्फत ताबा मागता येतो.

दिवाणी न्यायालयाच्या लिलावात एक मुदत विशेष ध्यानात ठेवावी. विक्री कायम झाल्यापासून एका वर्षाच्या आत ताब्यासाठी अर्ज केला पाहिजे. ‘आज सोडतो, उद्या सोडतो’ या वायद्यांत हे वर्ष निघून जाते. गावातील प्रतिष्ठितांनी मध्यस्थी जरूर करावी, पण अर्ज थांबवून नव्हे. कुलूप तोडून बळाने घरात शिरणे तर खरेदीदारासच अडचणीत आणणारे आहे.

२००२ च्या कायद्याखालील विक्रीत प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज बँकेने करावयाचा असतो. खरेदीदाराने त्यासाठी बँकेकडे लेखी तगादा लावावा. कधी बँकच माघार घेते. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एका भूखंडासाठी सेलिर या संस्थेने २०२३ मध्ये १०५ कोटी ५ लाख रुपयांची बोली लावून संपूर्ण रक्कम भरली. तरीही युनियन बँकेने प्रमाणपत्र दिले नाही, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ऋणकोस १२९ कोटी रुपये भरून तारण सोडविण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी हा आदेश रद्द केला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होताच तारण सोडविण्याचा हक्क संपतो, असे त्या निकालात ठरले. त्यामुळे बँकेस प्रमाणपत्र देणे भाग पडले.

‘जशी आहे तशी’ या अटीवर घेतलेल्या मालमत्तेतील उणिवा मात्र खरेदीदाराच्याच माथी येतात. भाडेकरू कोण, सातबारावर बोजा कोणाचा, घरपट्टी व वीजबिल किती थकले, याची चौकशी तलाठी कार्यालयात व ग्रामपंचायतीत बोलीपूर्वीच करावी.