नितळ पाणी आणि निर्मळ पाणी

विहिरीचे पाणी नितळ व चवीला गोड असले, म्हणजे ते पिण्यास योग्यच असते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्यात विरघळलेल्या नायट्रेटला व फ्लोराइडला रंग वा वास नसतो. त्यांचा शोध तपासणीनेच लागतो.

ही तपासणी दोन प्रकारची असते. जंतुविषयक तपासणीत ई. कोलाय हा जंतू शोधतात. माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत राहणारा हा जंतू पाण्यात आढळल्यास त्यात विष्ठेचा अंश मिसळला आहे, असे समजावे. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचा प्रसार अशाच पाण्यातून होतो. भारतीय मानक १०५०० (२०१२) अन्वये १०० मिलिलिटर पाण्यात हा जंतू मुळीच आढळता कामा नये.

रासायनिक तपासणीत क्षारांचे प्रमाण मोजतात. त्याच मानकानुसार एका लिटरमध्ये नायट्रेट ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. फ्लोराइडची मर्यादा १ मिलिग्रॅम असून, पाण्याची दुसरी सोय नसल्यास ती १.५ पर्यंत चालते. नायट्रेट हे खते, उकिरडे व सांडपाणी यांतून झिरपते आणि तान्ह्या मुलांना विशेष बाधते. फ्लोराइड बहुधा भूगर्भातील खडकांतून येते. त्याच्या आधिक्याने दातांवर डाग पडतात व कालांतराने हाडे ताठरतात.

नमुना घेताना चूक झाल्यास अहवालही चुकतो. जंतुविषयक तपासणीसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटली विसळू नये. तोंडास व बुचाच्या आतील बाजूस हात लावू नये. बाटली काठोकाठ भरू नये. ती बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी, फार तर २४ तासांच्या आत, पोहोचवावी. रासायनिक तपासणीची बाटली मात्र त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळून भरावी. प्रत्येक बाटलीवर गाव, विहीर, दिनांक व वेळ नोंदवावी.

दोष कोणता हे कळल्यावाचून योग्य उपाय योजता येत नाही. पाणी उकळल्याने अथवा क्लोरीन वापरल्याने जंतू मरतात. परंतु नायट्रेट व फ्लोराइड जात नाहीत. उलट, उकळताना पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. अशा ठिकाणी पिण्यासाठी दुसरी विहीर शोधणे किंवा शुद्धीकरणाची वेगळी योजना करणे अगत्याचे ठरते. म्हणून अहवाल कपाटात न ठेवता पंचायतीच्या व शाळेच्या फलकावर लावावा आणि शिक्षकांनी त्याचा अर्थ ग्रामस्थांना समजावून सांगावा.