टाके निघाल्यानंतरची वर्षे
सुघटन शस्त्रक्रियेची वाटचाल आणि तिचे फलित

सुघटन शल्यचिकित्सा, म्हणजेच प्लॅस्टिक सर्जरी, हे नाव कानी पडताच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर चित्रपटतारकांची नाके आणि सुरकुत्या घालविलेले चेहरे उभे राहतात. धर्मादाय रुग्णालयाने या शाखेवर पैसा का खर्च करावा, असा प्रश्न हितचिंतकांकडून वेळोवेळी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे. नावातील 'प्लॅस्टिक'चा आपल्या बादल्या-मगांशी काही संबंध नाही. घडविणे, आकार देणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे. भाजलेले, अपघातात चिरडलेले, जन्मतः दुभंगलेले वा रोगाने झिजलेले अवयव पुन्हा कामास यावेत, हे या शाखेचे मूळ कार्य होय.

प्रस्तुत लेखक वैद्यक जाणणारा नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे विषयाकडे पाहण्याची त्याची दृष्टी हिशेबनिसाची आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. खातेवहीत शस्त्रक्रिया ही एक ओळ असते : तारीख, रक्कम, पावती. रुग्णाच्या आयुष्यात मात्र ती ओळ कित्येक वर्षे चालू राहते. या दोन हिशेबांमधील अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

या शास्त्राचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या पुण्यात घडला, ही गोष्ट मराठी वाचकांस अभिमानाची वाटावी. कापलेले नाक नव्याने घडविण्याची रीत सुश्रुतसंहितेत सांगितलेली आहे. नाकाच्या मापाचे पान घ्यावे, तेवढी त्वचा गालावरून सोडवून नाकावर बसवावी, श्वासासाठी दोन नळ्या ठेवाव्यात, पतंग, ज्येष्ठमध व रसांजन यांचे चूर्ण वर भुरभुरावे, असे तिचे वर्णन आहे. पुढे शतकानुशतके ही विद्या काही घराण्यांत हाताकडून हाताकडे जात राहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आले. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कौसजी नावाचा गडी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा वावरला. नंतर पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. हा कारागीर विटा पाडणाऱ्या जातीतला होता, असे पत्रात म्हटले आहे. त्याचे नाव मात्र पत्रलेखकाने दिलेले नाही. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती.

तिचे वर्णन मुळातून समजून घेण्याजोगे आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ मारली. त्या रेघेबरहुकूम कपाळाची त्वचा सोडविली. परंतु दोन्ही डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. सोडविलेली त्वचा या पट्टीवर वळवून खाली आणली आणि खरवडून ताज्या केलेल्या नाकाच्या कडांत बसविली. टाके घातलेच नाहीत. आपल्या पानाच्या तबकात असतो तसला कात पाण्यात कालवून, कापडाच्या पट्ट्यांवर फासून त्यांनी जोड धरून ठेवला. पाच-सहा दिवस रुग्णास उताणे निजविले, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घातल्या आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापली.

सारे मर्म त्या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त येत राहिले म्हणून त्वचा जगली. नव्या जागी रक्तवाहिन्या रुजेपर्यंत जुनी जागा सोडायची नाही, हे तत्त्व त्या अनामिक कारागिराच्या बोटांना ठाऊक होते. हे वर्णन वाचून लंडनचे शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी आधी मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये रुग्णावर ही शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. कपाळाच्या त्वचेने नाक घडविण्याची पद्धत आजही, अनेक सुधारणांसह, जगभर वापरात आहे.

नंतरची प्रगती म्हणजे एका परीने रक्तपुरवठ्याच्या ज्ञानाचीच प्रगती होय. पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांसाठी इंग्लंडमध्ये सिडकप येथे १९१७ मध्ये स्वतंत्र रुग्णालय निघाले. तेथे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले हॅरल्ड गिलीज आणि त्यांचे सहकारी यांनी ५,००० हून अधिक सैनिकांवर ११,००० हून अधिक शस्त्रक्रिया केल्या. माणशी दोनांहून अधिक, हा भागाकार वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे कारण येईल. सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या धाग्याने रक्तवाहिन्या जोडता येऊ लागल्यावर तर कौसजीच्या कपाळावरची पट्टी राखण्याचीही गरज काही ठिकाणी उरली नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये तुटलेला अंगठा पुन्हा जोडला गेला. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडीच्या सांध्याजवळची त्वचा रक्तवाहिन्यांसह पूर्णपणे अलग करून पायावर जिवंत बसविण्यात आली. भारतात कोची येथे २०१५ मध्ये मृत दात्याचे दोन्ही हात एका तरुणाला जोडण्यात आले.

हे सारे विस्मयकारक आहे. तथापि आमच्यासारख्या रुग्णालयाच्या दारात जो रुग्ण येतो, त्याच्या दृष्टीने अधिक बोधप्रद इतिहास कुष्ठरुग्णांच्या हातांचा आहे. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास कुष्ठरोगाने वाकलेली बोटे स्नायुबंध फिरवून सरळ करण्यास प्रारंभ केला. आपल्याकडे डॉ. नोशीर अंतिया यांनी हे कार्य पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील प्लॅस्टिक सर्जरी विभागात केले. ते गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले होते. कानाची तुटलेली कड भरून काढण्याची, १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची पद्धत आजही त्यांच्या नावाने शिकविली जाते.

वाकलेला हात शस्त्रक्रियेने सरळ होतो, पकड येते; गेलेली संवेदना मात्र परत येत नाही. चुलीवरचा तवा उचलला तर चटका कळत नाही. म्हणून रुग्णाला रोज रात्री आपले हात-पाय डोळ्यांनी तपासावयास शिकवावे लागते, भांड्यांना लाकडी मुठी बसवाव्या लागतात, पायाला योग्य पादत्राण द्यावे लागते. हे शिक्षण दिले नाही तर सुंदर जमलेली शस्त्रक्रिया दोन वर्षांत जखमांनी वाया जाते. डॉ. अंतिया उत्तरायुष्यात अलिबागजवळच्या मांडवा भागात गावातल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याकडे वळले. निष्णात शल्यविशारदाने सुरी खाली ठेवून खेड्याची वाट धरावी, याचे अनेकांना नवल वाटले. मला त्यात विसंगती दिसत नाही.

हाच न्याय भाजलेल्या रुग्णांस लागू पडतो आणि आपल्याकडे या विभागाचे मोठे काम तेच आहे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या कागदपत्रांत देशात दरवर्षी सुमारे ७० लाख भाजण्याच्या घटना, १ लाख ४० हजार मृत्यू आणि २ लाख ४० हजार व्यक्तींना अपंगत्व, असा अंदाज दिलेला आहे. यातील शेवटचा आकडा मला सर्वाधिक अस्वस्थ करतो, कारण त्यातील बराच भाग टाळता येण्याजोगा आहे. पूर्वी भाजलेली त्वचा आपोआप गळून पडण्याची वाट पाहिली जाई आणि तेवढ्या अवधीत जंतुसंसर्ग रुग्णास घेऊन जाई. युगोस्लाव्हियातील मारिबोर येथील डॉ. झोरा यांझेकोविच यांनी पहिल्या काही दिवसांतच मृत त्वचा थराथराने छिलून काढून लगेच त्वचारोपण करण्याची पद्धत १९७० मध्ये जगापुढे मांडली, आणि या उपचाराची दिशाच पालटली.

जीव वाचला की नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात, ते स्वाभाविक आहे. पण खरा हिशेब तेथून सुरू होतो. बंबातील कढत पाणी अंगावर सांडलेल्या मुलाचे उदाहरण घेऊ. जखम भरताना त्वचा आकसते. मान छातीकडे ओढली जाते, कोपर दुमडते, काख चिकटते. हे थांबविण्यासाठी सांधा ताणलेल्या स्थितीत ठेवणारी खपली, म्हणजे स्प्लिंट, लावावी लागते, रोज व्यायाम करावा लागतो. व्रण जाड होऊ नये म्हणून अंगासरशी शिवलेले दाबाचे कपडे दिवसातील सुमारे २३ तास, साधारण वर्ष-दीड वर्ष घालावे लागतात. मूल वाढत जाते, कपडा लहान होतो, नवा शिवावा लागतो. उन्हाळ्यात तो घालवत नाही, मूल रडते, आईचे मन द्रवते. कोपर सरळ राहिले तर मूल दप्तर उचलते, लिहिते, पुढे कमावते. न राहिल्यास काही वर्षांनी आकसलेला भाग सोडवून पुन्हा त्वचारोपण करावे लागते. मुलाची उंची वाढत असताना हे कधी दोनदा-तीनदाही करावे लागते. गिलीज यांच्या रुग्णांमागे शस्त्रक्रिया अधिक का, याचे उत्तर येथे मिळेल.

दुभंगलेल्या ओठ-टाळूचेही तसेच. साधारणतः हजार जन्मांमागे एका बाळात हे व्यंग आढळते आणि त्यास ग्रहणाचा दोष, आईचा दोष असले काही कारण नसते. ओठ तीन महिन्यांच्या सुमारास, टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांत शिवली जाते. नंतर वाचोपचार, दंतोपचार, आठ-दहाव्या वर्षी हिरडीतील फटीत हाडाचे रोपण आणि वाढ पुरी झाल्यावर गरजेनुसार नाकाची दुरुस्ती. ओठ शिवल्यानंतरचे छायाचित्र हृद्य असते, देणगीपत्रकांवर शोभते. टाळू शिवलेले मूल 'क' आणि 'प' स्पष्ट म्हणू लागले की नाही, हे छायाचित्रात येत नाही.

आता थोडे खात्यासंबंधी. आपल्या राज्यात नोंदणीकृत धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात आणि त्यासाठी इतर रुग्णांच्या ढोबळ बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही भाजलेल्या रुग्णांवरील उपचार अंतर्भूत आहेत. खाट, शस्त्रक्रिया आणि औषधे यांची सोय त्यामुळे बऱ्याच अंशी होते. परंतु हा सारा पैसा बिलाभोवती फिरतो. दर पंधरवड्याला व्यायामासाठी यावयाचे तर गावाहून एस.टी.चे भाडे, आईची किंवा वडिलांची बुडालेली मजुरी, तिसऱ्यांदा शिवलेला दाबाचा कपडा, यांचे बिल होत नाही. रुग्ण येईनासा होतो तो येथेच. 'अमुक शस्त्रक्रियेचा खर्च मी उचलतो' असे म्हणणारे दाते आम्हास लाभतात, त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यापैकी काहींनी दोन वर्षांच्या येण्याजाण्याचा खर्च उचलण्याचा विचार करावा, ही माझी विनंती आहे. त्या देणगीने कोनशिला बसत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

पैशाव्यतिरिक्त आणखी एक दान आहे. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाच्या स्वतःच्या अंगावर रोपणासाठी पुरेशी त्वचा उरत नाही. अशा वेळी मृत दात्याची त्वचा तात्पुरते आवरण म्हणून लावतात. काही आठवड्यांनी शरीर ती नाकारते; मात्र तोवर जंतुसंसर्ग व द्रवनाश रोखला जातो आणि रुग्णाची स्वतःची त्वचा पुन्हा घेण्याजोगी होते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली, पुढे ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स सेंटरमध्ये आणि राज्यात अन्यत्रही अशा पेढ्या निघाल्या.

त्वचादानाविषयीच्या शंका रुग्णांचे नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून येथे स्पष्ट लिहितो. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत पेढीस कळवावे. पथक घरीही येते. मांड्या, पाय व पाठ येथून त्वचेचा केवळ वरचा पातळ थर घेतला जातो, रक्तस्राव होत नाही, पट्टी बांधून देह विधिपूर्वक सोपविला जातो आणि अंत्यविधीस विशेष विलंब होत नाही. रक्तगट जुळण्याची आवश्यकता नसते. १८ वर्षांवरील व्यक्तीचे त्वचादान होऊ शकते. एचआयव्ही, कावीळ ब व क, त्वचेचा कर्करोग अथवा त्वचेचा संसर्ग असल्यास ते घेतले जात नाही. घेतलेली त्वचा ग्लिसरॉलमध्ये शीत तापमानात काही वर्षे टिकते. नेत्रदान व त्वचादान ही दोन्ही एकाच वेळी करता येतात. मृत व्यक्तीने हयातीत अर्ज भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या लेखी संमतीने दान होते.