दुधाच्या वहीची मागची पानं

दुधाचा हिशेब लिहायच्या वहीची मागची पानं मी गेली तीन वर्षं वेगळ्याच कामाला लावली आहेत. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘केमिकल नाही’ असं मिरवणारी वस्तू घरात आली, की तिचं नाव, किंमत, फोडल्याची तारीख आणि संपल्याची तारीख तिथे लिहायची. मग तो खाऊ असो, केसांचं तेल असो, की आमच्या बुंदीची बिस्किटं. (बुंदी ही कुत्री, लाडूशी संबंध फक्त रंगाचा.) शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्या पानांनी शिकवलेलं हे.

1. पुडा आधी पालथा करायचा

समोर नाचणीची कणसं आणि कौलारू घर. मागे मैदा, साखर, पामतेल आणि मग कुठे नाचणीचं पीठ, 11 टक्के. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे आणि समोर ज्याचा गाजावाजा केला त्याचं प्रमाण सांगायचं, हा आपल्याकडचा नियमच आहे. म्हणजे तो 11चा आकडा प्रामाणिकपणातून आलेला नाही. चार महिने मी ती बिस्किटं मुलाला ‘नाचणी’ म्हणून खायला घातली. 100 ग्रॅमच्या पुड्यात 11 ग्रॅम पीठ! सासूबाई आंबील करताना तेवढं ओट्यावर सांडतात. (हे त्यांना कळू नये.)

2. साखर नाव बदलून येते

‘वरून साखर घातलेली नाही’ असं छापलेल्या खजुराच्या बारच्या तक्त्यात एकूण साखर होती 20 ग्रॅम. चहाचा चमचाभर साखर साधारण 4 ग्रॅम भरते, तेव्हा भागाकार करा. ती खजुराचीच आहे, मान्य. मग बरणीतले दोन-तीन खजूर काय वाईट? ते निदान चांदीच्या कागदात गुंडाळलेले नसतात. शिवाय तक्ता कितीचा ते बघायचं. तो कधी कधी 30 ग्रॅमचा असतो आणि आपण बसल्या बैठकीला अख्खा पुडा संपवतो.

3. आकड्यांना उगाच भ्यायचं नाही

आयएनएस 330 म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपण ढोकळ्यात घालतो ते लिंबूफूल. 500 म्हणजे खायच्या सोड्याचं घराणं. 300 म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व. पहिलं वर्षभर मी आकडा दिसला की पुडा परत ठेवायचे. ते माझं अज्ञान होतं, त्याला मी जागरूकता म्हणत होते.

4. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ हे कौतुक नव्हे, इशारा

कोरफडीचं जेल. घरगुती उद्योगातलं, काचेच्या बरणीत, महागडं. पहिला आठवडा मी भेटेल त्याला त्याचं कौतुक सांगितलं. सतराव्या दिवशी झाकण उघडलं तर कडेला राखाडी लव, मोहरीएवढे तीन ठिपके, आणि ओल्या फडक्याचा वास. पाणी असलेल्या वस्तूत टिकाऊपणासाठी काही घातलं नाही, की बुरशी येणारच. त्यात मी रोज ओलं बोट बुडवत होते. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘अर्धी चूक माझी’. तेव्हापासून बाटलीवर मार्करने उघडल्याची तारीख घालते. पुष्कळ बाटल्यांवर उघड्या डबीचं चित्र आणि 6एम, 12एम असं असतं. उघडल्यावर इतके महिने, असा त्याचा अर्थ.

5. कोपराच्या आत, दोन दिवस

लग्नघर, नणंदबाई आणि ‘हर्बल’ काळी मेंदी. पाल्याची मेंदी नुसती लावली तर केस तांबूस होतात. अर्ध्या तासात काळेभोर झाले, तर त्यात पीपीडी नावाचं रसायन असण्याचा दाट संशय घ्यावा, आणि ते काहींना भयंकर बाधतं. नणंदबाईंनी माझं ऐकून कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस थांबायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी तिथे रुपयाएवढा लाल चट्टा. लग्नात पांढऱ्या बटांसकट मिरवल्या, आणि फोटो झकास आले.

6. एका वेळी एकच नवी वस्तू

साबण, तेल, क्रीम एकाच आठवड्यात बदललं, की पुरळ कशाने आलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

7. आपलं ‘शुद्ध’ कुत्र्याला विष असू शकतं

ओट्स, मध, बदाम, मनुका. इतका सात्त्विक बार की वहीत मी त्याला शाबासकी दिली होती. मुलाच्या हातून अर्धा खाली पडला आणि बुंदीने गट्टम केला. द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात आणि किती खाल्ल्यावर ठरतात याचा भरवसा नाही, हे मला डॉक्टरांकडे धावल्यावर कळलं. तिला उलटी करवली, दोन दिवसांनी रक्त तपासलं. वाचली. बारच्या पुढचा शेरा खोडला नाही, खाली लाल शाईने ‘घरात आणायचा नाही’ एवढं जोडलं. कांदा, लसूण, चॉकलेट आणि ‘शुगरफ्री’ वस्तूंतलं झायलिटॉल याच यादीत. तिचं खाणं बदलायचं तर सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळून. तिला शेरा लिहिता येत नाही. ती फक्त ताटलीकडे पाठ फिरवते.

8. फुकटात आलेल्याची नोंद नाही

ओळखीतून मिळालेल्या तेलाला मी एकदा ‘उत्तम’ लिहिलं होतं. बाटली आजही पाऊण भरलेली आहे. आणि हो, ‘प्राण्यांवर चाचणी नाही’ या शिक्क्याचे जास्त पैसे मोजू नका. सौंदर्यप्रसाधनांच्या अशा चाचण्यांवर भारतात 2014 पासून बंदीच आहे.

9. निकाल डबा देतो

खाऊ पुड्यातून काढून स्टीलच्या डब्यात ओतायचा, कोणाला काही सांगायचं नाही. भाजके बीटचे चिप्स महिनाभर तळाशी मऊ पडून राहिले. शेजारच्या डब्यातला पातळ पोह्यांचा चिवडा चार दिवसांत साफ.

आज वहीत 44 नोंदी आहेत. ‘पुन्हा आणलं’ असा शेरा नऊंपुढे आहे, आणि त्यांतल्या चार वस्तू, फुटाणे धरून, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे सुट्या मिळतात.