आवाज बोचतो तो कशामुळे?

स्वस्तातल्या म्युझिक सिस्टिमचा आवाज कानाला बोचू लागला की माणूस आधी नव्या वस्तूचा विचार करतो. मोठा अ‍ॅम्प्लिफायर, आणखी दोन ट्विटर (वरचे सूर वाजवणारे छोटे स्पीकर), सोनेरी पिनांची वायर. माझा अनुभव असा की हा खर्च जवळजवळ नेहमी उलट्या क्रमाने होतो. बोचरेपणा बहुधा डब्यात नसतो. तो खोलीत असतो, स्पीकरच्या पेट्या ठेवल्या त्या जागेत असतो, संच ताणून वाजवण्यात असतो आणि पुष्कळदा गाण्याच्या फाइलमध्येच असतो. ही चार कारणं तपासल्याशिवाय नवा डबा आणला, तर तोही त्याच खोलीत तसाच बोचतो.

खोडाळ्यासारख्या खेडेगावात खोलीचा मुद्दा जास्तच खरा आहे. कारवीच्या काठ्या उभ्या करून शेणमातीने सारवलेली कुडाची भिंत आणि वर कौलं, अशा घरात आवाज कोंडून राहत नाही. फटींतून, पातळ भिंतींतून बराचसा बाहेर निघून जातो. आता त्याच जागी सिमेंटच्या भिंती, फरशी आणि वर पत्रा किंवा स्लॅब असलेलं घर उभं राहतं. राहायला ते सोयीचं, पण ऐकायला कठीण. आपला कान साधारण 2000 ते 5000 हर्ट्झच्या टप्प्यात सगळ्यांत तिखट असतो, आणि गुळगुळीत सिमेंट नेमके हे सूर जवळजवळ जसेच्या तसे परत फेकतं. त्यात भर म्हणजे पत्रा. तो स्वतःच थरथरतो, फळीवरची भांडी त्याला साथ देतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं स्पीकर फाटला. उपाय फुकटातला आहे. पेट्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे आणा, कोपऱ्यातून काढा, ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येऊ द्या आणि ऐकायला जवळ बसा. समोरच्या आणि बाजूच्या भिंतीवर जुन्या गोधड्या टांगा, खाली सतरंजी टाका. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज 6 डेसिबलने वाढतो. खोलीत थोडा कमी वाढतो, तरी बटण मागे घेता येतं एवढा नक्कीच.

बटण मागे घेणं महत्त्वाचं का, हे वॅटच्या आकड्यांवरून कळतं. बाजारात 4440 आयसीचे तयार अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड शेकड्यांनी वॅट सांगून विकले जातात. मूळ सान्यो कंपनीच्या माहितीपत्रकात या आयसीची ताकद दोन चॅनेलना प्रत्येकी 6 वॅट आणि ब्रिज पद्धतीने (दोन्ही चॅनेल एकत्र जोडून) 19 वॅट दिलेली आहे, आणि तीही 10 टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) धरून. म्हणजे खोक्यावरच्या आकड्यावर विसंबून बटण शेवटपर्यंत फिरवलं की आवाजाच्या लाटेचे माथे सपाट कापले जातात. त्या कापण्यातून मूळ गाण्यात नसलेले तिखट सूर तयार होतात. कान किटतात ते यामुळे, आणि स्वस्त ट्विटर जळतात तेही यामुळेच. मग दुप्पट वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, असं कोणी म्हणेल. दुप्पट वॅटने फक्त 3 डेसिबल वाढतात. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यामानाने खुर्ची पुढे ओढणं स्वस्त. या बोर्डाची एक बाजू मात्र चांगली आहे. सोलरच्या 12 व्होल्ट बॅटरीवर तो थेट चालतो, आणि मग विजेची घरघर राहत नाही. स्वस्त इन्व्हर्टरमधून वाजवलं तर नको असलेली भणभण मागच्या दाराने आत येते.

ट्रेबलचं बटण कमी केलं की झालं, असा एक आक्षेप हमखास येतो. थोडा आराम पडतो, हे खरं. पण ते बटण असतं पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी आणि लाट कापली जाते त्याच्या नंतर, त्यामुळे मुख्य दुखणं तसंच राहतं. शिवाय ‘स’, ‘श’, ‘च’ ही व्यंजनं याच वरच्या सुरांवर उभी असतात. ट्रेबल फार उतरवला की कीर्तनातले शब्दच विरतात. दुसरा आक्षेप वायरचा. 3 मीटर अंतरासाठी 1 चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर घेतली, तर जाण्या-येण्याचा मिळून रोध जेमतेम 0.1 ओहम होतो. 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. सोन्याच्या मुलाम्याने पिनेवर गंज चढत नाही एवढंच. आवाज मऊ होत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात वायरची टोकं काळवंडतात, पिनांवर गंज चढतो आणि स्पीकरच्या कागदी कोनला बुरशी लागते. दिवाळीच्या सुमाराला टोकं कापून तांबं नव्याने सोलणं आणि पिना कोरड्या फडक्याने पुसणं, हे महागड्या वायरीपेक्षा उपयोगाचं. तेव्हाच लाल-काळी टोकंही पाहून घ्यावीत. एका पेटीची टोकं उलटी लागली की बास बराच उतरतो, गायकाचा आवाज मधोमध येत नाही, मग लोक आवाज चढवतात आणि पुन्हा तोच बोचरेपणा. जुनं मोनो गाणं लावून दोन्ही पेट्यांच्या मध्ये बसा. आवाज बरोबर मधून यायला हवा.

फाइलबद्दल थोडक्यात. मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून घेतलेली गाणी अनेकदा पुन्हा पुन्हा दाबून लहान केलेली असतात. सीडीवर सेकंदाला 1411 किलोबिट माहिती असते. 128 किलोबिटच्या एमपीथ्रीत त्याचा अकरावा हिस्सा उरतो. त्यात झांजा चरचरतात, आणि कुठलाही स्पीकर ते दुरुस्त करू शकत नाही. स्पीकर जितका चांगला, तितकी ती चरचर स्पष्ट.

मऊ आवाजाचा ध्यास मात्र एका मर्यादेतच बरा. तारपा मुळातच धारदार वाद्य आहे. दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, त्यातल्या जिभल्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. त्यातून निघणारा सूर मोकळ्या अंगणात नाचणाऱ्या सगळ्यांना ऐकू जावा म्हणूनच तिखट असतो. तुमच्या संचावर तारपा बासरीसारखा गोड वाटू लागला, तर सुधारणा झाली नाही, बिघाड झाला.

एवढं सगळं करूनही आवाज खुपत असेल, तर पेट्या खराब आहेत असं समजा आणि आधी त्याच बदला. नाशिकला जाल तेव्हा आपल्या ओळखीचं, चांगल्या फाइलमधलं गाणं बरोबर न्या आणि ज्या दोन जोड्यांतून पेट्या निवडायच्या त्या सारख्याच आवाजावर लावायला सांगा, कारण जी किंचित मोठी वाजते तीच कानाला चांगली वाटते. दुकानदार तयार नसेल, तर दुसरं दुकान गाठा.