श्वापद, शिंग आणि गणित : अंतकाळाच्या दृष्टान्तांचे ख्रिस्ती अर्थ

बायबलच्या जुन्या करारातील ‘दानीएल’ आणि नव्या करारातील ‘प्रकटीकरण’ हे दोन ग्रंथ दृष्टान्तांनी भरलेले आहेत. समुद्रातून वर येणारी श्वापदे, दहा शिंगे, सात कर्णे, धुरातून निघणारे टोळ अशा प्रतीकांतून तेथे अंतकाळाचे चित्र उभे केले आहे. या प्रतीकांचा अर्थ लावण्याचा ख्रिस्ती विद्वानांनी जो प्रयत्न केला, त्याचा इतिहास कयामतवर श्रद्धा ठेवणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे. कारण प्रतीकाला नाव देण्याची आणि त्या दिवसाची तारीख काढण्याची ओढ कोणत्याही एका समाजापुरती मर्यादित नाही.

एक दृष्टान्त, अनेक अर्थ

‘दानीएल’च्या सातव्या अध्यायात चार श्वापदे येतात : गरुडाचे पंख असलेला सिंह, अस्वल, चार डोक्यांचा चित्ता आणि लोखंडी दातांचे, दहा शिंगांचे एक भयंकर श्वापद. त्या शिंगांमधून आणखी एक लहान शिंग उगवते. परंपरागत ख्रिस्ती मतानुसार ही बाबिलोन, मेद-पारस, ग्रीस आणि रोम यांची राज्ये होत. तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ पोर्फिरी मात्र ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता. हे वर्णन भविष्याचे नसून इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात यहुद्यांवर जुलूम करणाऱ्या अँटिओकस चौथा या ग्रीक राजाच्या काळाचे आहे, असे त्याने मांडले. संत जेरोमने आपल्या भाष्यात त्याचे खंडन केले. तरीही आज अनेक ख्रिस्ती अभ्यासक लहान शिंग म्हणजे अँटिओकसच, असे मानतात.

‘प्रकटीकरणा’च्या बाबतीत तर चार मार्ग निर्माण झाले. काहींच्या मते त्यातील घटना रोमन काळातच घडून गेल्या. काहींना त्यात चर्चचा संपूर्ण इतिहास क्रमाने दिसतो. काहींच्या मते बहुतेक सर्व अद्याप घडायचे आहे. चौथा पक्ष त्यात सत्य व असत्य यांचा सार्वकालिक संघर्ष पाहतो. संत ऑगस्टीननेही ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा अर्थ चर्चचा चालू काळ असा आध्यात्मिक लावला होता.

शत्रूचा चेहरा

या मतभेदांत एक गोष्ट वारंवार आढळते. भाष्यकाराच्या काळात जो शत्रू समोर उभा असेल, त्याचा चेहरा श्वापदाला चिकटविला जातो. इ. स. 1213 मध्ये पोप इनोसंट तिसरा याने नव्या क्रुसेडचे आवाहन करताना श्वापदाची 666 ही संख्या इस्लामच्या आयुष्याची वर्षे ठरविली आणि त्यांपैकी सुमारे सहाशे सरली आहेत, असे सांगितले. इ. स. 1529 मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, तेव्हा मार्टिन ल्यूथरला दानीएलच्या लहान शिंगात तुर्की सत्ता दिसली. त्याच ल्यूथरने पोपच्या पदालाच ख्रिस्तविरोधी ठरविले होते. याउलट जेझुइट विद्वान रिबेराने ख्रिस्तविरोधी अद्याप यायचाच आहे, असा अर्थ लावला. ग्रंथ तोच, शब्द तेच. परंतु प्रत्येक पक्षाला त्यात आपलाच प्रतिपक्ष सापडला.

तारखेचे गणित

दुसरी ओढ तारखेची. बायबलमधील ‘गणना’ आणि ‘यहेज्केल’ या ग्रंथांच्या आधारे भविष्यवाणीतील एक दिवस म्हणजे एक वर्ष, असा नियम काही भाष्यकारांनी स्वीकारला. अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकऱ्याने हा नियम दानीएलच्या 2300 दिवसांना लावला. इ. स. पूर्व 457 पासून मोजणी करून ख्रिस्ताचे पुनरागमन इ. स. 1843च्या सुमारास होईल, असे त्याने जाहीर केले. ती मुदत टळल्यावर त्याच्या चळवळीतून 22 ऑक्टोबर 1844 ही नेमकी तारीख पुढे आली. हजारो लोकांनी विश्वास ठेवला. काही शेतकऱ्यांनी तयार पीकही शेतात तसेच राहू दिले. तो दिवस उजाडला आणि मावळला. काहीच घडले नाही. अमेरिकेच्या इतिहासात हा प्रसंग ‘महानिराशा’ म्हणून नोंदला गेला. काहींनी श्रद्धाच सोडली. काहींनी तारीख खरी ठरवून घटनेचा अर्थ बदलला : ख्रिस्ताने त्या दिवशी स्वर्गीय पवित्रस्थानातील कार्याचा नवा टप्पा सुरू केला, असे ते म्हणू लागले. त्यांच्यातूनच इ. स. 1863 मध्ये सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली.

विशेष म्हणजे तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, हे मत्तयच्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहिलेले आहे. मिलरच्या गणितातील खरा दोष बेरजेचा नव्हता. जे सांगितलेच गेले नाही ते मोजण्याचा प्रयत्न हाच मुळात दोष होता.

आपल्यासाठी बोध

पवित्र कुरआनने सूरह आलिइमरानच्या सातव्या आयतीत या रोगाचे मूळ दाखविले आहे. ईशग्रंथात काही आयती मुहकम, म्हणजे स्पष्ट व पायाभूत आहेत. काही मुतशाबिह, म्हणजे अनेक अर्थ संभवणाऱ्या आहेत. ज्यांच्या अंतःकरणात वक्रता आहे, ते स्पष्ट सोडून संदिग्धाच्या मागे लागतात. कयामतच्या घटकेचे ज्ञान केवळ अल्लाहजवळ आहे, हे सूरह आराफच्या 187व्या आयतीत निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

असे असूनही हा इतिहास केवळ इतरांचा आहे, असे समजून आपण निश्चिंत राहू शकत नाही. 20 नोव्हेंबर 1979 रोजी, हिजरी 1400च्या पहिल्या दिवशी, एका सशस्त्र गटाने आपल्यातील एकाला महदी घोषित करून मक्केच्या मस्जिदे-हरामचा ताबा घेतला. हदीसमधील चिन्हे आपल्याच माणसावर बसविण्याचा तो परिणाम होता. सुमारे दोन आठवडे त्या पवित्र भूमीत रक्त सांडले. तो तथाकथित महदीही त्यातच मारला गेला. आजही एखादे युद्ध पेटले की दज्जाल कोण आणि याजूज-माजूज कोण, याच्या याद्या आपल्या हातोहाती फिरू लागतात.

एका व्यक्तीने प्रेषित मुहम्मद (स.) यांना कयामत केव्हा येईल, असे विचारले. त्यांनी तारीख सांगितली नाही. तू तिच्यासाठी काय तयारी केली आहेस, असा उलट प्रश्न केला. दुसऱ्या एका हदीसनुसार, हातात रोप असताना कयामतची घटका आली, तरी शक्य असल्यास ते रोप लावावे. अंतकाळावरील श्रद्धा आपल्याकडून हिशेबाची तयारी मागते, आणि ती तयारी उभ्या पिकाकडे पाठ फिरवून होत नाही.