सह्या त्यांच्या, नोटीस माझ्या नावाने

कंपनी दिवाळखोरीत एनसीएलटीत (कंपनी कायदा न्यायाधिकरणात) गेली, कारभार बघायला आरपी (रिझोल्यूशन प्रोफेशनल) आले आणि दुसऱ्या दिवसापासून पाचशे रुपयांच्या खरेदीलाही त्यांची सही लागू लागली. त्याबद्दल तक्रार नाही, कायदाच तसा आहे. पण त्याच कायद्यातली पुढची ओळ वाचायला आरपी साहेबांना सवड नव्हती.

आमच्याकडे टोल्युइनच्या टाक्या होत्या, अर्ध्यामुर्ध्या भरलेल्या. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट 4 अंश सेल्सिअस. टाकीतल्या मोकळ्या जागेत हवा शिरली की आपल्याकडच्या रोजच्या तापमानालाच स्फोटक मिश्रण तयार होतं, म्हणून वरून नायट्रोजन सोडून ठेवायचा. उत्पादन बंद असलं तरीही. नायट्रोजनवाल्याने जुन्या थकबाकीपायी गाडी पाठवणं थांबवलं. मी मेल टाकली. उत्तर आलं, "प्लांट बंद असताना गॅस कशाला?" मग फोनवर मी भोपाळ काढलं. तोही कारखाना 1984 मध्ये तोट्यातच होता आणि एमआयसीच्या (मिथाइल आयसोसायनेटच्या) टाकीचं रेफ्रिजरेशन आधीच बंद केलेलं होतं. साहेब हसले. "इतकं टोकाचं नका बोलू हो. सीओसीत, म्हणजे कर्जदात्यांच्या समितीत, बँकांना खर्च मला पटवून द्यायचा असतो." तेही खोटं नव्हे, बँकेच्या माणसाला व्हॅल्युएशन कळतं, व्हेंट कळत नाही. पण त्याच महिन्यात व्हॅल्युअरची बिलं मात्र बिनबोभाट निघाली.

खरं तर एका पत्राचं काम होतं. दिवाळखोरी संहितेच्या कलम 14(2अ) नुसार आरपीने एखादा पुरवठा कंपनीसाठी अत्यंत गरजेचा ठरवला, तर मोरेटोरियममधली (कंपनीविरुद्धच्या कारवाईला मिळालेल्या स्थगितीच्या काळातली) चालू बिलं भरली जात असेपर्यंत पुरवठादाराला तो तोडता येत नाही.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी आले, नायट्रोजन लाइनवरच्या गेजचा शून्यावर टेकलेला काटा बघून गेले. नोटीस आली ती माझ्या नावाने. तेव्हा कारखाने अधिनियम, 1948 लागू होता आणि लायसनवर फॅक्टरी मॅनेजर मी. ऑक्युपायर (कारखान्याचा अंतिम ताबा असलेली व्यक्ती) म्हणून नोंद असलेले डायरेक्टर म्हणाले, "बोर्डाचे अधिकार निलंबित आहेत." आरपींच्या वकिलाने कळवलं, "मोरेटोरियम आहे, कारवाई चालणार नाही." ते पत्र गेटवर उभ्याउभ्या वाचलं आणि ट्यूब पेटली. मोरेटोरियम कंपनीला आहे, माणसाला नाही! चेक न वटल्याच्या पी. मोहनराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये हे स्वच्छ सांगितलंय. कंपनीला कलम 14, सद्भावनेने वागलेल्या आरपीला कलम 233, मध्ये उघडा मी.

तुम्ही अशा कंपनीत मॅनेजर किंवा सेफ्टी ऑफिसर असाल तर दिवाळखोरी संहितेचं कलम 17(2)(ई) तोंडपाठ करा. कंपनीच्या वतीने सगळे कायदे पाळण्याची जबाबदारी आरपीची आहे; 2018 च्या दुरुस्तीने ते लेखीच आलंय. प्लांट बंद असला तरी ज्यावर पैसे घालावेच लागतात त्याची यादी पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातात द्या: नायट्रोजन, हायड्रंट पंपाचं डिझेल, गॅस डिटेक्टरचं कॅलिब्रेशन, रात्रपाळीचे वॉचमन. रकमेसकट, आणि नाही केलं तर काय होईल ते एका ओळीत. फोनवर काही ठरलं की लगेच "आपल्या बोलण्यानुसार" अशी मेल टाका. प्रती घरी ठेवा, कंपनीचा सर्व्हर कधी बंद पडेल नेम नाही. डोकं शांत ठेवा असं सगळे सांगतात, मीही सांगतो; मला जमलं नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

बोली लावणारे पाहणीला येतात तेव्हा त्यांनाही गेटवर सेफ्टीची माहिती देऊन सही घ्या. आमच्याकडे एक गृहस्थ टँक फार्ममध्ये मोबाइलवर बोलत फिरत होते. त्यांना बाहेर काढलं, तर आरपीला सहकार्य करण्याचं कलम 19 दाखवून माझ्यावरच असहकाराचा ठपका.

राजीनामा दिलात तर त्याची प्रत संचालनालयात स्वतः नेऊन द्या, पोच घ्या. नव्या मॅनेजरचं नाव कळवणं ऑक्युपायरचं काम. आमच्याकडे ऑक्युपायर कोण यावरच अजून पत्रापत्री चालू आहे, आणि लायसनवर नाव माझंच.